निवळ आणि गाळ : वर्धा जिल्ह्यातील घरगुती आंबवण, पात्रांतर आणि दारूबंदी – एक ऐतिहासिक अभ्यास

बीजशब्द : आंबवण, सडवा, पात्रांतर, नीरा, अबकारी, दारूबंदी, वर्धा जिल्हा

प्रस्तावना

घरी तयार केलेले आंबवण एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात काढणे ही क्रिया वरकरणी क्षुल्लक वाटते. यीस्टचे काम संपत आले की त्याच्या पेशी तळाशी बसतात आणि वर निवळ उरतो. तो निवळ गाळाला धक्का न लावता वेगळा करणे हे बिअर घरी करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे कौशल्य असते. त्यासाठी आज सायफनची वक्रनलिका वापरली जाते. भरलेले भांडे उंचावर व रिकामे भांडे खाली ठेवतात, नळी द्रवाने पूर्ण भरून घेतात आणि तिचे मोकळे टोक खालच्या भांड्याच्या तळापर्यंत नेतात. त्यामुळे द्रव न खळखळता उतरतो, हवेशी त्याचा संपर्क कमी येतो आणि चव बिघडत नाही.

महाराष्ट्रात बिअरचे घरगुती उत्पादन हा नव्या पिढीचा छंद मानला जातो. तथापि आंबवण, निवळ आणि पात्रांतर यांचे ज्ञान या भूमीत नवे नाही. प्रस्तुत निबंधात या ज्ञानाचा वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात मागोवा घेण्यात आला आहे. म. गांधींच्या वास्तव्यामुळे दारूबंदीशी ज्याचे नाव जोडले गेले, त्याच जिल्ह्यात मोहाचा सडवा आणि शिंदीचा रस यांचीही परंपरा आहे. या दोन्ही बाबी एकत्र पाहिल्याशिवाय जिल्ह्याचा सामाजिक इतिहास पूर्ण होत नाही.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) प्राचीन साहित्यातील सुरेच्या स्तरविभागणीचा परामर्श घेणे. २) वर्धा परिसरातील मोह व शिंदी यांवरील प्रक्रियांचे स्वरूप स्पष्ट करणे. ३) वासाहतिक अबकारी धोरणापासून आजच्या दारूबंदीपर्यंत कायद्याने घरगुती भांड्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे तपासणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

प्राचीन साहित्यातील निवळ व गाळ

शार्ङ्गधर संहितेत शिजवलेल्या अन्नाच्या संधानातून निर्माण होणाऱ्या सुरेचे स्तर नावानिशी सांगितले आहेत. सर्वांत वरचा स्वच्छ भाग म्हणजे प्रसन्ना. त्याखालील दाट भाग कादंबरी, त्याखालचा जगल आणि जगलाहून दाट तो मेदक. सुरेच्या बीजास किण्व म्हटले आहे. भांड्यातील द्रव वरून खाली कसा बदलत जातो, याचे सूक्ष्म निरीक्षण या परिभाषेमागे आहे. प्रत्येक स्तरास स्वतंत्र नाव द्यावयाचे, तर ते स्तर एकमेकांपासून अलग काढण्याची पद्धतही अवगत असली पाहिजे, हे उघड आहे. आंबवण हे सजीव सूक्ष्मजंतूंचे कार्य होय, असे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले. बिअरवरील त्याचा ग्रंथ १८७६ साली प्रकाशित झाला. कारण नंतर कळले, मात्र किण्वाचा व्यवहार त्यापूर्वी कित्येक शतके चालू होता.

कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष प्रकरणही या दृष्टीने उल्लेखनीय आहे. मद्याची निर्मिती व विक्री राज्याच्या नियंत्रणाखाली ठेवणाऱ्या या ग्रंथात कुटुंबांना मात्र मंगलकार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी तयार करण्याची मुभा दिली आहे. उत्सव, यात्रा यांसारख्या प्रसंगी चार दिवसांची सवलतही आहे. म्हणजेच विक्रीसाठीचे मद्य आणि घरच्या कार्यासाठीचे मद्य यांत कायद्याने फरक केला होता. हा फरक पुढे कसा पुसला गेला, हे वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

मोहाचा सडवा

कारंजा, आष्टी, आर्वी, सेलू या तालुक्यांतील वनपट्ट्यात मोहाचे वृक्ष आढळतात. मार्च-एप्रिलमध्ये रात्रीतून गळलेली फुले पहाटे वेचली जातात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. त्यामुळे मोहफूल हे आदिवासींसाठी अन्न, नगदी उत्पन्न आणि मद्य या तिन्हींचे साधन ठरले. गोंड समाजात देवकार्य, जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगी मोहाच्या दारूस विधीचे स्थान आहे.

वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस ठेवली की जो आंबलेला द्रव तयार होतो, त्यास विदर्भात 'सडवा' म्हणतात. उन्हाळ्यात तो लवकर तयार होतो, थंडीत अधिक दिवस लागतात. येथे बिअर आणि मोह यांच्या मार्गांत मूलभूत भेद पडतो. बिअरमध्ये गाळ खाली बसू देऊन वरचा निवळ घेतात. मोहाच्या बाबतीत सडवा भट्टीवर चढवून त्याची वाफ थंड केली जाते. पारंपरिक रचनेत सडव्याच्या भांड्यावर दुसरे भांडे आणि त्यावर थंड पाण्याचे तिसरे भांडे बसवतात. वरच्या थंड बुडावर वाफेचे थेंब जमतात आणि मधल्या भांड्यात गोळा होतात. येथे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात जाते ती वाफ, द्रव नव्हे. पहिल्या पद्धतीत गुरुत्वाकर्षण काम करते, दुसऱ्या पद्धतीत अग्नी. त्यामुळेच दुसऱ्या पद्धतीचे पेय कितीतरी अधिक तीव्र असते.

अबकारी धोरण

१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली व १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा करण्यात आला. ब्रिटिश राजवटीत मद्य हे महसुलाचे साधन बनले. ठराविक ठिकाणी भट्टी लावण्याचा व विक्रीचा हक्क लिलावाने देण्याची पद्धत आणि सरकारी देखरेखीखालील मध्यवर्ती भट्टीची पद्धत या दोन्ही प्रांतात प्रचलित होत्या. परंपरेने हा व्यवसाय करणाऱ्या कलार समाजाचे स्थान त्यामुळे मक्तेदाराचे झाले आणि घरी गाळणारा आदिवासी गुन्हेगार ठरला. मुंबई इलाख्यात तर १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरच निर्बंध घातले गेले. या नियंत्रणामागे नैतिकतेपेक्षा महसुलाचे रक्षण हा हेतू प्रबळ होता.

मगनवाडीचा प्रयोग

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची वर्ध्यात स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली संघाचे कार्य चाले. १९३६ मध्ये गांधीजी सेगाव येथे राहावयास गेले व पुढे त्याचेच सेवाग्राम झाले. १९४१ च्या रचनात्मक कार्यक्रमात दारूबंदीस तिसरे स्थान मिळाले.

ग्रामोद्योग संघाने केवळ निषेध केला नाही, ही बाब महत्त्वाची आहे. ताड व शिंदीचा रस मादक ताडीऐवजी नीरा व गूळ यांसाठी वापरता येईल, हा विचार येथे पुढे आला. ताडगुळाच्या कामात गजानन नाईक यांचे नाव अग्रणी आहे. ताजा रस गोड व अमादक असतो. तथापि हवेतील व भांड्यातील यीस्टमुळे तो सूर्योदयानंतर झपाट्याने आंबू लागतो. भांडे स्वच्छ करून आतून चुन्याचा लेप दिल्यास आंबण्याची क्रिया रोखली जाते. म्हणजे एकाच झाडाच्या एकाच रसापासून नीरा होणार की ताडी, हे भांड्याच्या अवस्थेवर ठरते. नीती, अर्थकारण आणि रसायन या तिन्हींचा संगम मगनवाडीच्या या प्रयोगात आढळतो.

दारूबंदी आणि भांडे

१९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा झाला. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम या भागास लागू करण्यात आला. गांधीजींच्या कर्मभूमीचा मान म्हणून १९७०च्या दशकाच्या मध्यास वर्धा जिल्हा दारूबंदी जिल्हा झाला. पुढे १९९३ मध्ये गडचिरोली व २०१५ मध्ये चंद्रपूर येथे दारूबंदी लागू झाली. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली, वर्ध्याची मात्र कायम आहे.

या अधिनियमात मद्याबरोबरच ते तयार करण्याची सामग्री, भांडी व उपकरणे बाळगणे हाही गुन्हा आहे. गावठी दारूविरोधी पोलीस कारवाईत मोहाचा सडवा ओतून नष्ट केला जातो व ड्रम जप्त होतात. या कारवाईचे समर्थन करणाऱ्या स्त्रियांचा अनुभव दुर्लक्षिता येणार नाही. व्यसनाने उद्ध्वस्त होणाऱ्या संसाराची झळ प्रथम त्यांनाच बसते. विक्रीच्या हातभट्टीत नवसागरासारखे अपायकारक पदार्थ मिसळले जातात, हेही वास्तव आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. तेथे मृत्यूचे कारण मिथेनॉल होते, घरगुती आंबवण नव्हे. धोका बव्हंशी बेकायदा व्यापाराच्या भेसळीत असतो, हे यावरून ध्यानात येते.

दुसरीकडे, पेसा कायद्याने (१९९६) अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थ व गौण वनोपज यांबाबत अधिकार दिले. वर्धा जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. परिणामी वर्धा नदीपलीकडील यवतमाळच्या अनुसूचित गावातील ग्रामसभेस जो अधिकार आहे, तो अलीकडील आदिवासी गावास नाही. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांच्या संकलन, साठवण व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. त्यामुळे फूल बाळगणे सुलभ झाले, परंतु वर्धेकरांसाठी ते आंबविणे निषिद्धच राहिले.

निष्कर्ष

१) आंबवण निवळून घेण्याचे ज्ञान भारतीय परंपरेत स्वतंत्र परिभाषेसह विकसित झाले होते.
२) कौटिल्याने मान्य केलेला घरगुती व व्यापारी मद्यातील भेद वासाहतिक महसुली धोरणाने पुसला आणि स्वातंत्र्योत्तर कायद्यानेही तो पुनःस्थापित केला नाही.
३) मगनवाडीच्या नीरा व ताडगूळ प्रयोगाने बंदीला उपजीविकेच्या पर्यायाची जोड दिली. मोहफुलांबाबत अशी जोड वर्धा जिल्ह्यात आजही आवश्यक आहे.
४) व्यसनमुक्तीचे ध्येय आणि आदिवासींचा सांस्कृतिक हक्क हे परस्परांचे शत्रू नाहीत. मात्र ड्रमभर विक्रीची दारू आणि देवापुढील वाटी एकाच कलमाने मोजली गेल्यास दोहोंचीही हानी होते.

सडव्यातील निवळ आणि गाळ वेगळे करण्यास धीर लागतो, भांडे हलवून चालत नाही. धोरण ठरवितानाही हीच सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.