परदेशी विद्यापीठाचा उंबरठा

परदेशी शिक्षणास जाण्यासाठी पारपत्र आणि द्रव्य ही दोन साधने असली म्हणजे झाले, असा समज अद्यापि पुष्कळांचा असतो. वस्तुतः त्यांच्या आधी तिसरे एक साधन लागते. ते म्हणजे गुणांक. इंग्रजी ज्याची मातृभाषा नव्हे अशा विद्यार्थ्याकडून इंग्लंड-अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे आयईएलटीएस किंवा टोफेल या परीक्षेचे ठरावीक गुण मागतात. आयईएलटीएसमध्ये 9 पैकी साडेसहा वा सात ही नेहमीची अट असते. अर्धा गुण कमी पडला की अर्ज मागे राहतो, आणि मिळविलेला गुणांकही दोनच वर्षे ग्राह्य धरला जातो. टोफेल 1964 साली सुरू झाली, आयईएलटीएस 1989 साली. परंतु या उंबरठ्याचा इतिहास त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि त्याचा एक धागा चंद्रपूर जिल्ह्यातील सावली या गावी येऊन पोचतो.

मूलहून गडचिरोलीकडे जाताना, वैनगंगा लागण्यापूर्वी, सावली लागते. आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. 1936 साली ते चांदा जिल्ह्यातील, खादीचे काम चालणारे एक खेडे होते. त्या वर्षी मार्चच्या आरंभी गांधी सेवा संघाची सभा तेथे भरली व गांधीजी तीस उपस्थित होते. 'गांधीवाद' म्हणून काही वस्तूच नाही, हे त्यांचे प्रसिद्ध म्हणणे याच सभेतले. पंचा नेसून बसलेला हा पाहुणा सेहेचाळीस वर्षांपूर्वी लंडनमध्ये लॅटिनचे व्याकरण घोकीत होता, ही गोष्ट त्या वेळी सभेतील किती जणांच्या मनात आली असेल कोण जाणे!

मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा गांधीजी 1887 साली सुमारे 40 टक्के गुणांनी उत्तीर्ण झाले होते. बॅरिस्टरीसाठी विलायतेस गेल्यावर त्यांनी लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिकलाही बसण्याचे ठरविले. तेथे लॅटिन सक्तीचे होते. 1890 च्या जानेवारीत ते त्याच विषयात नापास झाले आणि जूनमध्ये पुन्हा बसून उत्तीर्ण झाले. लॅटिनचे हे श्रम वाया गेले असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही. रोमन कायद्याच्या अभ्यासात आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत ती भाषा आपल्या उपयोगी पडली, असेच त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. हा त्यांचा प्रांजळपणा आम्हांस मोलाचा वाटतो. पण एखादी विद्या उपयोगी असणे निराळे, आणि राजकोटच्या मुलाची योग्यता सीझरच्या भाषेत तोलणे निराळे. शिवाय जानेवारी ते जून लंडनमध्ये राहण्याचा खर्च सोसणारे वडीलबंधू त्यांच्या पाठीशी होते, हेही विसरून चालत नाही.

मोजमाप ज्याचे, त्याची रीतही त्यात उतरते. 1869 साली सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर लंडनमध्ये उत्तीर्ण झाले असता, वयाची मर्यादा ओलांडली म्हणून दोघांचीही नावे कमी करण्यात आली. आधार काय, तर मॅट्रिकच्या वेळी नोंदविलेले वय. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगतात, इंग्रज पुरी झालेली वर्षे मोजतो. बॅनर्जींनी क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कोठे ती नावे पुन्हा यादीत आली. येथे गुण पुरेसे होते. चुकले ते पंचांग!

याच्या उलट उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे. 1883 साली अठरा वर्षांच्या असताना त्यांनी पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाकडे पत्ररूपाने अर्ज केला. सर्व अटी आपणांकडून पुऱ्या होतील की नाही हे सांगता येत नाही, असे त्यांनी त्यात उघड लिहिले. अवगत असलेल्या भाषा आणि झालेला अभ्यास यांची यादी दिली. आणि आपल्या देशभगिनी पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, हे कारण पुढे केले. महाविद्यालयाने त्यांस प्रवेश दिला व 1886 साली त्यांनी पदवी मिळविली. कोणत्याही छापील प्रश्नपत्रिकेने हे पत्र मोजले नसते.

मात्र पत्रावर मिळणाऱ्या प्रवेशाचे अतिरिक्त गोडवे गाण्याचेही कारण नाही. आनंदीबाईंना रोझेल येथील कार्पेंटरबाईंचा आश्रय होता. ज्यास तिकडे कोणी ओळखीचे नाही, त्याच्या पत्राकडे कोण पाहणार? छापील परीक्षेला निदान उमेदवाराचे गोत्र ठाऊक नसते. 1926 साली अमेरिकेत एसएटी सुरू झाली, पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई आली, त्यांच्या पुरस्कर्त्यांचाही दावा हाच होता. 2020 नंतर तेथील अनेक विद्यापीठांनी या दोन परीक्षांची सक्ती सैल केली. भाषेची परीक्षा मात्र राहिली, आणि सावली-गडचिरोलीकडील मुलास अडते ती तेथेच.

या भागातील कित्येक मुलांच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलली जाते. त्यांना मराठी शाळेत भेटते, इंग्रजी त्याही नंतर. अशा मुलाने ध्वनिमुद्रित भाषण एकदाच ऐकून उत्तरे लिहावयाची आणि परक्या परीक्षकाशी दहा-पंधरा मिनिटे बोलावयाचे. केंद्र नागपूरसारख्या शहरी, शुल्क हजारांत, आणि अर्धा गुण हुकला तर तेवढेच शुल्क पुन्हा. परदेशी शिक्षणासाठी शासनाची शिष्यवृत्ती आहे, पण ती प्रवेशपत्र हाती आल्यानंतरची. परीक्षेची तयारी, प्रवास आणि दुसऱ्यांदा बसण्याचे शुल्क हा खर्च त्याच्या आधीचा. तो बहुधा घरच्या धानाच्या पैशातूनच निघतो. शिष्यवृत्तीचा काही भाग याच टप्प्यावर, निदान दोन वेळच्या परीक्षेपुरता, हाती पडावा, अशी मागणी आदिवासी विकास व समाजकल्याण या खात्यांकडे करण्यास आम्हांस तरी काही प्रत्यवाय दिसत नाही.