बिनजिवाची चित्रे

आमच्या मालवण किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत भिंतीवर माणसाची तसवीर क्वचितच दिसे. काब्याचे चित्र, आयतुल कुर्सीची फ्रेम आणि वाण्याने दिलेले कॅलेंडर, संपले. पण शोकेसमध्ये सावंतवाडीच्या लाकडी फळांची टोपली हमखास असे. चितारआळीतल्या कारागिरांनी रंगवलेला आंबा, केळे, काजूचे बोंड. पाहुण्यांची मुले त्यांना दात लावून बघत. त्या फळांवर कोणी कधी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही.

हरकत घेतली गेली ती माझ्या मामूच्या चित्रांवर. मामू हायस्कूलमध्ये ड्रॉइंग मास्तर होते. गणपती होऊन पाऊस ओसरला की आठ बाय दहा इंचांचे हार्डबोर्डचे तुकडे घेऊन तेलरंगात चित्रे काढत. विहिरीचा काठ, नारळाची वाडी, वाळूवर कलती केलेली होडी, नाहीतर चुलीजवळचे मातीचे भांडे. पावसाळ्यात काम बंद. जवसाच्या तेलातला रंग आधीच सावकाश वाळतो. आमच्या दमट हवेत तो वाळेपर्यंत बोर्डावर बुरशी चढायची. चित्रे लहान असण्याचे कारणही एवढेच. लहान बोर्ड एका बैठकीत पुरा होतो आणि फळीवर झाकून ठेवता येतो.

वाद पेटला तो बांगड्यावरून. मामूंनी ताटातले दोन बांगडे रंगवले. मशिदीतले मौलाना घरी आले होते, त्यांनी ते पाहिले आणि जानदाराची तसवीर जायज नाही असे बजावले. मामू म्हणाले, "मौलानासाहेब, बाजारातल्या बांगड्यात जान कुठे उरली?" मौलाना हसले, पण मागे हटले नाहीत.

हा वाद आपल्या इतिहासाइतका जुना आहे. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की, चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस हजरत इब्न अब्बास यांच्याकडे आला. चित्रकारांना दिलेला इशारा ऐकून त्याचा चेहरा उतरला. तेव्हा त्यांनी त्याला सांगितले की, हे काम करणे भागच असेल तर झाडे काढ, ज्यात रूह नाही अशा वस्तू काढ. पुढच्या काही दशकांतच दमास्कसची मोठी मशीद उभी राहिली (७०६ ते ७१५). खलिफा अल-वलीदने तिच्या भिंतींवर मोझेइकमध्ये नदी, उंच झाडे, घरे आणि पूल काढवून घेतले. त्यात एकही माणूस नाही, एकही पक्षी नाही. हा स्वर्ग की दमास्कसची बरादा नदी, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. निसर्गचित्र ही युरोपची देणगी आहे असे आपण शाळेत गृहीत धरतो, म्हणून हे सांगितले.

तेलरंग मात्र युरोपातून आला. पूर्वी तिकडचे चित्रकार तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या ट्यूबचे पेटंट घेतले आणि रंग खिशात घालून बाहेर पडणे शक्य झाले. त्याच १८४१ साली जन्मलेल्या शेकर अहमद पाशाला तुर्की सुलतानाने पॅरिसला शिकायला पाठवले. परत येऊन या लष्करी माणसाने जंगले रंगवली, टरबुजे रंगवली. त्याच्या मागून आलेला होजा अली रिझा (१८५८–१९३०) लष्करी शाळेत चित्रकला शिकवी आणि आपल्या उस्कुदार मोहल्ल्याच्या गल्ल्या, लाकडी घरे, समुद्रकाठ काढत राही. होजा म्हणजे मास्तर. मामूंना या माणसाचे नावही ठाऊक नव्हते, पण दोघांची जात एकच.

आपल्याकडे हे शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून (स्थापना १८५७) आणि एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांमधून गावोगाव पोचले. वस्तुचित्र आणि स्थिरचित्र हे त्या परीक्षांचे विषय. पेपरात तांब्या, वांगे, घडी पडलेले फडके. उर्दू शाळेतली मुलेही ते निर्धास्तपणे काढत, कारण त्यात रूहचा प्रश्नच येत नव्हता.

आता ब्रशाची गोष्ट. तेलरंगासाठी ताठ केसांचा ब्रश लागतो आणि तो बहुधा डुकराच्या केसांचा असतो. मुंबईहून मागवलेल्या ब्रशांच्या पाकिटावर 'हॉग हेअर' असे छापलेले होते. मामूंनी इंग्रजी शब्दकोश काढला आणि हातातला ब्रश खाली ठेवला. हनफी फकीहांनी चांभाराला गरजेपोटी डुकराच्या केसाने शिवायची मुभा दिली होती. पण आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडे ओल्या हाताला ते लागले तर सात वेळा धुवायचे, त्यात एकदा मातीने. मामूंनी ते केले. ब्रश पुरून टाकले. पुढे ते फक्त पॅलेट नाईफने रंगवत. रंगाचे जाड थर, कडा तुटक, बारकावे गेले. मला विचाराल तर त्यांची खरी चांगली चित्रे त्यानंतरची आहेत. वाळायला मात्र दुप्पट वेळ लागू लागला.

बांगड्यांचाही तोडगा निघाला. चित्राचे डोके गेले की ते जानदाराचे चित्र राहत नाही, असे बहुतेक फकीह मानतात. मामू डोकी काढून साफ केलेले बांगडे रंगवू लागले. कोकणात कालवणासाठी बांगडा तसाच तर साफ होतो.

पण या वाटेने काय गमावले, तेही सांगितले पाहिजे. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा दोरीला पन्नासेक माणसे असतात. मामूंच्या चित्रात दोर आहे, जाळे आहे, माणसे नाहीत. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम हळदणकर संस्थानिकांच्या मदतीने जे. जे.त शिकले. दिवा हातात धरलेली त्यांची बाई म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ लोक ते जलरंगातले चित्र रविवर्म्याचे समजतात. त्याच हळदणकरांच्या 'मुहम्मदन पिलग्रिम' या चित्राला १९२५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. आमच्या शेजारच्या गावच्या हिंदू चित्रकाराने मुसलमान यात्रेकरू रंगवला. आम्ही आमचा एकही हाजी रंगवला नाही. कोकणी मुसलमान घराण्यातले अब्दुल अझीझ रायबा (१९२२–२०१६) यांनी माणसे काढली. गोणपाटावर काढली, काश्मीरची काढली, जुन्या मुंबईची काढली. ते मुंबईत वाढले. गावात राहून, त्याच मशिदीत पाच वेळा उभे राहून ते काढता आले असते का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

मामूंनी हळदणकरांचे ते चित्र एका जुन्या पुस्तकात छापलेले पाहिले होते. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "कपड्याच्या चुण्या बघ." चेहऱ्याबद्दल बोलले नाहीत.

नानीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. हजच्या पासपोर्टसाठी काढलेला होता, तोही हरवला. ती गेली त्या वर्षी मामूंनी तिचे पानदान रंगवले. पितळेचे, झाकण अर्धे उघडे, चुन्याची डबी बाजूला, अडकित्ता उघडाच. बोर्ड नेहमीचाच, आठ बाय दहा. मौलाना चाळिसाव्याला आले तेव्हा ते भिंतीवर टांगलेले होते. त्यांनी पाहिले. "खालाचे आहे," एवढेच म्हणाले, आणि त्याच्याखालीच बसून दुआ मागितली.