इगर्जी, चर्च आणि मंडळी

‘इगर्जी’ आणि ‘चर्च’ हे दोन शब्द आपण एकाच इमारतीला लावतो. इगर्जी पोर्तुगीज काळातली, चर्च इंग्रजी अमलातलं, एवढाच फरक आहे असं मीही बरीच वर्षं समजत होतो. दोन्ही शब्दांचं मूळ ग्रीक आहे. पण ग्रीकमध्ये ते दोन वेगळ्या घरांतले.

‘इगर्जी’ हा पोर्तुगीज ‘इग्रेजा’. तो लॅटिनमधून ग्रीक ‘एक्लेसिया’पर्यंत जातो. एक्लेसिया म्हणजे बोलावून जमवलेले लोक; अथेन्सच्या नागरिकांची सभाही एक्लेसियाच. ‘चर्च’ मात्र ‘कुरिआकोन’पासून आला, म्हणजे ‘प्रभूचं’. जर्मन ‘किर्खं’ आणि डॅनिश ‘किर्क’ त्याचीच भावंडं. म्हणजे एका शब्दात माणसं आहेत, दुसऱ्यात मालकी.

गंमत अशी की खुद्द मार्टिन ल्यूथरला ‘किर्खं’ हा शब्द आवडत नव्हता. १५३९च्या आपल्या ग्रंथात त्याने तो धूसर ठरवला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंती उभ्या राहतात, माणसं नाही, हे त्याचं दुखणं. बायबलच्या भाषांतरात एक्लेसियासाठी त्याने ‘गेमाइनं’ म्हणजे समुदाय हा शब्द घातला. तरी त्याच्या अनुयायांच्या देवळांवर पाटी लागली ती ‘किर्खं’चीच. लोक शब्दांच्या बाबतीत धर्मसुधारकाचंही ऐकत नाहीत!

आपल्या देशातलं ल्यूथरपंथाचं नामवंत देऊळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला आहे. डेन्मार्कवाल्यांनी १६२०मध्ये तिथे वखार घातली आणि गावाचं ‘त्रांकेबार’ केलं. नावातला ‘तरंग’ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. १७०६ साली बार्थोलोमेउस त्सीगनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक इथे उतरला, तमिळ शिकला, नव्या कराराचं तमिळ भाषांतर करून छापलं. गावातल्या युरोपीय लोकांसाठी १७०१चं झायन चर्च होतंच. तमिळ समुदायासाठी त्याने ‘न्यू जेरुसलेम’ बांधायला घेतलं. ते १७१८मध्ये पुरं झालं. दर्शनी भिंतीवर डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याचं मुकुटासह नाममुद्राचिन्ह आहे. ‘प्रभूचं घर’ म्हणायचं आणि दारावर राजाची मुद्रा! तळ मात्र क्रुसाच्या आकाराचा. पुढच्याच वर्षी त्सीगनबाल्ग वारला. त्याला तिथेच पुरलं आहे.

चर्चच्या मधल्या लांबट दालनाला इंग्रजीत ‘नेव्ह’ म्हणतात. तो लॅटिन ‘नाविस’, म्हणजे जहाज. आपल्या ‘नौ’चा सख्खा नातलग. जर्मन आणि डॅनिश लोक तर त्या दालनाला सरळ जहाजच म्हणतात, आणि डेन्मार्कच्या कित्येक चर्चांत छताला लाकडी जहाजाची प्रतिकृती टांगलेली असते. गोव्याकडे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला ‘फिर्गज’ म्हणतात. पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’वरून आलेल्या या शब्दाचं मूळ ‘एक्लेसियाची लेकरं’ असं आहे. इगर्जी त्याच्या पोटातच लपलेली.

याच तरंगंबाडीच्या परंपरेतला ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्त्झ पुढे तंजावरला गेला आणि सरफोजीराजे भोसल्यांचा गुरू झाला. १७९८मध्ये तो वारल्यावर राजांनी इंग्लंडच्या जॉन फ्लॅक्समनकडून त्याचं संगमरवरी स्मारक घडवून घेतलं. मराठी राजाने ल्यूथरपंथी पाद्र्यासाठी चर्चमध्ये उभारलेलं हे स्मारक आपल्या पर्यटकांना बृहदीश्वराच्या गर्दीत आठवत नाही.

एक्लेसियासाठी मराठी बायबलने निवडलेला शब्द आहे ‘मंडळी’. ल्यूथरला हवा होता नेमका तसा. भिंतींचा पत्ता नाही, फक्त जमलेली माणसं. आपण तो लग्नपत्रिकेपासून घरच्या कारभारणीपर्यंत सगळीकडे वापरतो, म्हणून त्याचं मोल कळत नाही. तमिळ भाविकांनी ‘सबै’, म्हणजे आपली ‘सभा’, पत्करली. १९१९मध्ये तमिळ ल्यूथरपंथीयांनी स्वतःची स्वतंत्र संस्था स्थापली, तिच्या तमिळ नावातही किर्खं नाही. आहे ‘तिरुच्चबै’, पवित्र सभा.