थ्रेड : होमपॉड, एडिसनची तबकडी आणि उत्तम आवाजाची किंमत

९ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांत ॲपलचा ‘होमपॉड’ विक्रीस आला. किंमत ३४९ डॉलर. ॲमेझॉनचा ‘एको’ २०१४ सालीच आला होता. २०१६ च्या अखेरीस ‘गुगल होम’ आला, तो १२९ डॉलरना. म्हणजे बोलक्या स्पीकरच्या बाजारात ॲपल उशिरा उतरली आणि गुगलच्या जवळजवळ तिप्पट दाम मागत उतरली. मार्च २०२१ मध्ये कंपनीने हा मूळ होमपॉड बंद केल्याचे जाहीर केले.

यंत्र वाईट होते म्हणून ते बंद पडले, असे मात्र म्हणता येत नाही.

उंची सुमारे १७ सेंटीमीटर, वजन अडीच किलो. वरच्या अंगाला खर्जासाठी चार इंची वूफर, तळाशी वर्तुळाकार बसवलेले सात ट्वीटर आणि मधल्या पट्ट्यात सहा मायक्रोफोन. यातले खरे कौशल्य मायक्रोफोनांच्या वापरात होते. मालकाची आज्ञा ऐकणे हे त्यांचे एक काम. दुसरे काम खोली ऐकण्याचे. भिंतींवर आपटून परतणाऱ्या ध्वनीवरून यंत्र आपण कोपऱ्यात आहोत की मोकळ्यावर, हे ताडत असे. मग गायकाचा आवाज श्रोत्यांच्या दिशेने आणि भोवतालची आस भिंतींकडे, अशी वाटणी ते स्वतःच करी. उचलून दुसरीकडे ठेवले की ही जुळणी नव्याने होई. ध्वनिशास्त्राचा गंध नसलेल्या माणसाच्या दिवाणखान्यातही त्यामुळे संगीत भरून राही. एवढ्या लहान आकारात असा आवाज त्या काळी दुर्मीळ होता, हे टीकाकारांनीही मान्य केले.

आता दुसरी बाजू. पाहुण्याने आपल्या फोनवरून ब्लूटूथने गाणे लावावे, तर सोय नाही. वायर जोडावी, तर खोबण नाही. यंत्र सुरू करण्यासाठीच आयफोन वा आयपॅड हवा. अँड्रॉइडवाल्याला तेही शक्य नाही. तोंडी आज्ञा चालत ती ॲपलच्या स्वतःच्या संगीतसेवेपुरती. स्पॉटिफायचे गाणे हवे तर ते ॲपलच्याच उपकरणावरून पाठवायचे. दोन होमपॉड जोडून स्टीरिओ करण्याची सोय मे २०१८ च्या अखेरीस आली, घरातील माणसांचे आवाज वेगवेगळे ओळखण्याची २०१९ मध्ये. तोवर पर्याय सुरू असेल तर खोलीतील कोणीही मालकाचे संदेश वाचून घेऊ शके! शिवाय तळाच्या सिलिकोनमुळे काही लाकडी टेबलांवर पांढरी कडी उमटली. ही शेवटची तक्रार सर्वांत जास्त गाजली; खरे तर ती सर्वांत किरकोळ.

गुणदोषांचा हा असाच जमाखर्च शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतच एकदा मांडला गेला होता.

१९१२ च्या सुमारास थॉमस एडिसन यांनी ‘डायमंड डिस्क’ पद्धत आणली. प्रतिस्पर्धी व्हिक्टर कंपनीच्या तबकडीवर सुई आडवी हलत असे आणि पोलादी सुई वारंवार बदलावी लागे. एडिसन यांच्या तबकडीत खाच वरखाली कोरलेली, तबकडी सुमारे पाव इंच जाड आणि सुईच्या टोकाला न झिजणारा हिरा. आवाज निःसंशय सरस. १९१५ पासून कंपनीने ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि यंत्र शेजारी शेजारी. मध्येच अंधार केला जाई आणि दिवे लागल्यावर कळे, की गायिका केव्हाच निघून गेली आहे, गाते आहे ते यंत्र. (यात थोडी चलाखीही होती. गायिका आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी मिळताजुळता ठेवीत.)

पण ही तबकडी व्हिक्टरच्या यंत्रावर नीट वाजत नसे आणि व्हिक्टरची तबकडी या यंत्रावर. कारुसो व्हिक्टरकडे होता. एडिसन यांच्याकडे कोणी गावे, हे बहुतांशी स्वतः एडिसन ठरवीत; त्यांना कमी ऐकू येई आणि जॅझचा तर तिटकारा होता. ग्राहकाला हवे होते कारुसोचे गाणे. हिऱ्याच्या सुईसाठी ते सोडायला फार थोडे तयार झाले. ऑक्टोबर १९२९ मध्ये एडिसन यांच्या कंपनीने तबकड्यांचा धंदा गुंडाळला.

दोन्ही ठिकाणी गुण आणि दोष एकाच मुळातून निघाले आहेत. सुई, खाच, यंत्र आणि गायक हे सारे एकाच हातात होते म्हणून एडिसन यांना तो आवाज साधला; ध्वनीचा सगळा मार्ग आपल्या ताब्यात ठेवला म्हणून ॲपललाही साधला. ‘आवाज उत्तम, पण बंदिस्तपणा टाळायला हवा होता’ हा सोपा निवाडा म्हणूनच अपुरा वाटतो.

तुलना एका जागी मात्र तुटते. एडिसन यांचे यंत्र ऐकत नसे. होमपॉड ऐकत असे, आणि खासगीपणा जपणे हा ॲपलचा मोठा दावा होता. आज्ञा सर्व्हरकडे जाताना मालकाच्या नावाऐवजी यादृच्छिक क्रमांकाने जाई, हे खरे. तरी जुलै २०१९ मध्ये उघड झाले, की सिरीच्या काही ध्वनिमुद्रणांची तपासणी कंत्राटी माणसे कानाने ऐकून करीत होती. ऑगस्टमध्ये कंपनीने माफी मागितली आणि यापुढे संमतीशिवाय ध्वनिमुद्रणे ठेवणार नाही, असे जाहीर केले. आवाजाच्या गुणांची बेरीज करताना ही नोंद खर्चाच्या बाजूलाच पडते.

भारतात होमपॉड २०२० मध्ये आला, १९,९०० रुपयांना. त्याला मराठी येत नव्हती.

एडिसन यांच्या ग्राहकांपुढे एक पळवाट होती : व्हिक्टरच्या तबकड्या वाजवता याव्यात म्हणून इतर कारागीर वेगळे जोडभाग बनवून विकत. होमपॉडमध्ये बाहेरच्याने सांधा बसवावा अशी जागाच ठेवलेली नव्हती. २०२० मध्ये इतर संगीतसेवांना दार किंचित उघडले गेले. २०२३ च्या प्रारंभी दुसरा होमपॉड आला : पाच ट्वीटर, चार मायक्रोफोन, २९९ डॉलर. ब्लूटूथवरून गाणे त्यावरही लावता येत नाही.