देवाचे नाव आणि माणसाचा व्यवहार : जबलपूरचे परसाई व धर्मविडंबनाची परंपरा

हरिशंकर परसाई यांच्या 'भोलाराम का जीव' या हिंदी कथेचा आरंभ यमलोकात होतो. चित्रगुप्त नोंदवही पुनःपुन्हा चाळीत आहेत, धर्मराज चिंतेत आहेत, आणि एका मृताचा जीव वाटेतच निसटल्यामुळे यमदूत ओशाळून उभा आहे. त्या जीवाच्या शोधार्थ नारद पृथ्वीवर उतरतात ते काशीत किंवा मथुरेत नव्हे, तर जबलपूरच्या घमापूर मोहल्ल्यात, नाल्याकाठच्या एका मोडक्या घरापाशी. निवृत्त होऊन पाच वर्षे लोटली तरी पेन्शन न मिळालेला भोलाराम दारिद्र्याने मेला आहे. सरकारी कचेरीत नारदांना कळते, की अर्जावर 'वजन' ठेवल्याखेरीज तो पुढे सरकत नाही. अखेर त्यांना आपली वीणाच साहेबाच्या स्वाधीन करावी लागते. भोलारामचा जीव सापडतो तो पेन्शनच्या फायलीत. आणि स्वर्गाचे बोलावणे आले असताही तो ती फाईल सोडण्यास राजी होत नाही.

पुराणातील देवर्षीला लाचखाऊ कारकुनापुढे तिष्ठत ठेवणे हा दैवतांचा उपमर्द आहे काय? वरवर पाहता तसे वाटणे शक्य आहे. तथापि या कथेत हास्यास्पद ठरतात ते नारद नव्हेत. कचेरी हेही एक मंदिरच असून तेथेही दानपुण्य करावे लागते, असे नारदांना ऐकविणारा साहेब तेथे उघडा पडतो. परसाईंचे धर्मविडंबन समजून घेण्याची किल्ली या एका प्रसंगात आहे. त्यांचे लक्ष्य श्रद्धा नव्हते. श्रद्धेच्या शब्दांनी आपला व्यवहार पवित्र करून घेणारा माणूस हे त्यांचे लक्ष्य होते.

परसाईंचा जन्म २२ ऑगस्ट १९२४ रोजी इटारसीजवळील जमानी या गावी झाला. नागपूर विद्यापीठातून त्यांनी हिंदी विषयात एम. ए. केले, काही वर्षे शिक्षकी केली आणि १९५७च्या सुमारास नोकरीचा कायमचा त्याग करून जबलपुरात केवळ लेखणीवर निर्वाह चालविला. जबलपूर पूर्वी नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांत व वऱ्हाडाचा भाग होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्यामुळे या शहराच्या वाङ्मयीन जीवनात मराठी आणि हिंदी हे दोन प्रवाह परस्परांना परके नव्हते. परसाईंनी काढलेल्या 'वसुधा' मासिकात गजानन माधव मुक्तिबोध यांची साहित्यविषयक दैनंदिनी प्रसिद्ध होत असे. मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी होती आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतील नामवंत कवी व कादंबरीकार होते.

'सुनो भाई साधो' हे परसाईंच्या एका गाजलेल्या सदराचे नाव. ते घेतले आहे कबीराच्या संबोधनावरून. आणि ही निवड केवळ अलंकारिक नव्हे. पंडित आणि मुल्ला या दोघांनाही एकाच तराजूत तोलणाऱ्या संताचा वारसा येथे जाणीवपूर्वक स्वीकारला आहे. 'वैष्णव की फिसलन' मधील वैष्णव भगवंताची आज्ञा घेतल्यावाचून एकही पाऊल उचलीत नाही. काळ्या पैशातून तो हॉटेल काढतो. गिऱ्हाईक प्रथम मांस मागते, मग मद्य, मग नग्न नृत्य, आणि पुढे त्याहूनही अधिक काही. प्रत्येक वेळी वैष्णव देवापुढे बसतो, आणि प्रत्येक वेळी अंतरात्म्यातून त्याला सोयीचाच कौल मिळतो. 'टार्च बेचनेवाले' या रचनेत दोन मित्रांपैकी एक रस्त्यावर टॉर्च विकतो, तर दुसरा भव्य मंचावरून अंतरातील प्रकाश विकतो. लोकांना अंधाराचे भय घालणे हे दोघांचेही भांडवल आहे. परसाई कोणाचेही नाव घेत नाहीत. धंद्याची रीत तेवढी दाखवितात.

मराठी वाचकाला ही रीत अनोळखी नाही. त्याच प्रांताच्या वऱ्हाडी टोकाला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' मधून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीच्या साह्याने श्रावणी-शिमग्यासारख्या रूढींची थट्टा मांडली होती. तिचे ग्रंथरूप १९१०चे. पुढे ही दृष्टी बोलपटात उतरली. आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या 'ब्रह्मचारी' (१९३८) मध्ये औदुंबर नावाचा तरुण व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याचे व्रत घेतो आणि किशोरी समोर येताच त्याचा सारा निग्रह डळमळतो. उमेश कुलकर्णी यांच्या 'देऊळ' (२०११) मध्ये एका साध्या गुराख्याला दत्ताचे दर्शन होते आणि त्या दर्शनातून गावाची बाजारपेठ उभी राहते. 'देऊळ' मधील गाव आणि परसाईंचा वैष्णव यांचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे.

पण चित्रपटातील आणि छापील पानावरील विडंबन यांच्या वाट्याला येणारे धोके सारखे नसतात. चित्रपट लोकांपुढे येण्यापूर्वीच तपासला जातो. संत एकनाथांवरील प्रभातच्या बोलपटाचे 'महात्मा' हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे १९३५ साली 'धर्मात्मा' असे बदलावे लागले. इंग्लंडमध्ये मॉन्टी पायथन मंडळींच्या 'लाइफ ऑफ ब्रायन' (१९७९) या विनोदी चित्रपटावर अनेक नगरपरिषदांनी बंदी घातली. नॉर्वे आणि आयर्लंड येथेही तो काही काळ निषिद्ध होता. लेखकाला अशी पूर्वपरवानगी लागत नाही. त्याचा झगडा प्रकाशनानंतर सुरू होतो. कधी कायद्याशी, कधी जमावाशी. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याला गुन्हा ठरविणारे दंडसंहितेचे २९५-अ हे कलम १९२७ साली आले आणि २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या २९९व्या कलमात सामावले आहे.

परसाई ज्या काळात आणि ज्या शहरात लिहीत होते, तेथे हा धोका कल्पनेतला नव्हता. फेब्रुवारी १९६१ मध्ये जबलपुरात भीषण जातीय दंगल उसळली. फाळणीनंतरच्या मोठ्या दंगलींत तिची गणना होते, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मता परिषदेची कल्पना पुढे आली. १९६२ साली मुक्तिबोधांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. ते विनोदी लेखन नव्हते, शालेय इतिहास होता. तरीही तो सहन झाला नाही. अकरा वर्षांनी, १९७३ मध्ये, परसाईंच्या लेखनाने चिडलेल्या हिंदुत्ववादी तरुणांनी जबलपुरातच त्यांना मारहाण केली.

या घटनेला परसाईंनी दिलेले उत्तर त्यांच्या स्वभावाला साजेसेच होते. आपल्या मार खाण्यावर त्यांनी विनोदी लेख लिहिला. मारणारे, सांत्वनाला येणारे आणि खुद्द मार खाणारा लेखक यांपैकी कोणालाही त्यांनी त्यातून वगळले नाही. जो इतरांच्या दांभिकपणाला हसतो त्याने स्वतःच्या हुतात्मेपणालाही हसले पाहिजे, हा नियम त्यांनी स्वतःला लावला. विडंबनाचा नैतिक अधिकार येथूनच येतो. केवळ दुसऱ्याच्या देवाला हसणारा लेखक आणि देवाच्या नावामागे दडलेल्या आपल्याच शेजाऱ्याला, किंबहुना स्वतःलाही, हसणारा लेखक यांतील भेद कायद्याच्या भाषेत मांडता येणे कठीण; वाचकाला मात्र तो सहज जाणवतो.

१९८२ साली 'विकलांग श्रद्धा का दौर' या संग्रहासाठी परसाईंना साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. १० ऑगस्ट १९९५ रोजी जबलपुरातच त्यांचे निधन झाले. पुढे 'टार्च बेचनेवाले' ही रचना राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाली. ज्या राज्याने एका मित्राचा इतिहास विद्यार्थ्यांच्या हातून काढून घेतला, त्याच राज्यातल्या दुसऱ्या मित्राचे विडंबन देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेले. भोलारामची फाईल मात्र अजून निकालात निघालेली नाही, हे परसाईंच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.