रेशमाच्या गुंडाळ्या आणि आजीचं कॅलेंडर

आमच्या आजीची एक सवय होती. परड्यातल्या विहिरीच्या किती पायऱ्या उघड्या पडल्या, ते ती दर महिन्याला कालनिर्णयच्या चौकटीत लिहायची, दुधाच्या हिशोबाशेजारी. "चार पायऱ्या." बस, एवढंच. आम्ही हसायचो. वर्ष संपलं की त्या पानांची पुस्तकांना कव्हरं व्हायची, उरलेली रद्दीत.

परवा ॲलिस्टर हार्डी या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाबद्दल वाचताना हे आठवलं.

१९२५ ते १९२७ या काळात हार्डी 'डिस्कव्हरी' जहाजावरून अंटार्क्टिककडे गेले होते. देवमासे आणि त्यांचं खाद्य यांचा अभ्यास करायचा होता. समुद्रातलं सगळं खाणंपिणं शेवटी प्लवकांवर, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांवर उभं. पण जहाज थांबवून जाळं टाकलं तर तेवढ्याच जागेचं कळणार. मधल्या शेकडो मैलांचं काय?

म्हणून त्यांनी चालत्या जहाजामागे ओढायचं एक यंत्र बनवलं. पुढच्या छोट्या भोकातून पाणी आत शिरतं आणि रेशमाच्या पट्टीतून गाळलं जातं. शेपटाकडचा पंखा पाण्याच्या जोरानेच फिरतो आणि पट्टी हळूहळू पुढे सरकवतो. वरून दुसरी पट्टी बसते आणि दोन्हींमध्ये अडकलेले जीव फॉर्मॅलिनमध्ये गुंडाळले जातात. वीज नाही, काही नाही!

१९३१ मध्ये इंग्लंडमधल्या हल बंदरातून उत्तर समुद्रात हे काम सुरू झालं. ओढणारी जहाजं साधी मालवाहू. हेतूही साधाच: हेरिंग मासा कुठे मिळेल हे कळावं. महायुद्धात खंड पडला, पुन्हा सुरू झालं. १९८५ मध्ये हार्डी गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत पैशाअभावी हे सर्वेक्षण बंद पडायच्या बेतात आलं. तीच ती मोजणी किती वर्षं करायची, असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. पण ते वाचलं.

आणि मग त्या गुंडाळ्या बोलायला लागल्या. २००२ मध्ये दिसलं की चाळीसेक वर्षांत उबदार पाण्यातले कोपेपॉड ईशान्य अटलांटिकमध्ये दहा अंश अक्षांशांहून जास्त उत्तरेला सरकलेत. कोपेपॉड म्हणजे झिंग्याचे चिमुकले भाऊबंद. उत्तर समुद्रात थंड पाण्यातली जात कमी झाली, उबदार पाण्यातली आली. नवी जात शरद ऋतूत भरात येते, तर कॉड माशाच्या पिल्लांना खाऊ हवा असतो वसंतात. पंगत उठल्यावर वाढपी आल्यासारखं!

२००४ मध्ये तर त्याच जुन्या रेशमात प्लास्टिकचे कण मोजले गेले. १९६० च्या दशकापासून ते वाढत गेलेले दिसले. हार्डींनी यंत्र बनवलं तेव्हा हा प्रश्न कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तरी उत्तर जपलं गेलं होतं, कारण नमुने कोणी फेकले नव्हते.

असो. हल्ली आमची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. काका विचारतात, "पूर्वीही अशीच आटायची का रे?" सांगणार कोण? ज्या कॅलेंडरांवर उत्तर होतं ती आम्हीच किलोवर विकली.

हे वाचणाऱ्या नातेवाईकांपैकी कुणाच्या माळ्यावर आजीच्या घरची जुनी पानं सापडली, तर कृपा करून टाकू नका. मला फोन करा. मी येऊन घेऊन जाईन.