सावंतवाडीची गंजिफा

दशावतारी गंजिफेचा संच 120 पानांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. पाने गोल, तळहातात मावणारी. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे. परशुरामाच्या पंजीवर पाच परशू, दश्शीवर दहा. राजाच्या पानावर मात्र खुद्द अवतार असतो. पाठ एकाच रंगाच्या लाखेची आणि कोरी. तिथे कुंचल्याचा एक फटकारा जरी उमटला, तरी समोरच्याला पान ओळखता येईल.

खेळ मुळात इराणकडचा. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफेचा संच पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, तर अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या खेळाचे वर्णन ‘आईन-ए-अकबरी’त येते. पुढे रूढ झालेल्या मुघल गंजिफेत आठ रंग आणि 96 पाने होती. या खेळाला दशावतारांचे रूप मिळाले तसे त्याचे नियमही बदलले: दिवसा डाव बसला तर उतारी रामाची, रात्री बसला तर कृष्णाची.

सावंतवाडीत लाखकाम खेम सावंत तिसरे (1755–1803) यांच्या कारकिर्दीत तेलंगणातून आले, असे परंपरा सांगते. ते करणारे ते चितारी. त्यांची चितारआळी आजही गावात आहे. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीने एकावर एक चिकटवत, त्यावर खडूचा लेप देत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटत. मग चकत्या कापून रंगकाम होई आणि लाखेने पान कडक होई. पानांसाठी लाकडी पेटीही चारी बाजूंनी रंगवलेली असे. पेटी हातात फिरवली की झाकण उघडण्याआधीच कथा सुरू होते.

कारखान्यात छापलेले 52 पत्ते स्वस्तात मिळू लागले, तेव्हा हाताने रंगवलेल्या 120 पानांना गिऱ्हाईक उरले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही विद्या जाणणारे चितारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्यापैकी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि 1970च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा उभी केली. संस्थान गेलेल्या राजाने स्वतः कुंचला हाती धरावा, ही या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट.

याच तऱ्हेचे वळण रशियातील पालेख या गावाने आधी घेतले होते. तिथले चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या चर्चसाठी देवप्रतिमा रंगवत. 1917च्या क्रांतीनंतर ते काम बंद पडले, आणि 1924 मध्ये इव्हान गोलिकोव्ह व इतरांनी सहकारी संस्था काढून कागदी लगद्याच्या काळ्या लाखी डब्या रंगवायला घेतल्या. झाकणावर अग्निपक्षी आणि पुश्किनच्या परीकथा आल्या. रंग मात्र जुनेच, अंड्याच्या बलकात कालवलेले, आणि सोने लांडग्याच्या दाताने घोटलेले. कोकणच्या उत्तर टोकाला, सरावली-बोईसरच्या पट्ट्यातही, वारल्यांच्या लग्नाचा चौक भिंतीवरच असे. 1970च्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून वारली चित्र कागदावर आले आणि जगभर गेले.

पालेखची डबी डबीच राहिली, वारली चौक आजही लग्नात लिहिला जातो. गंजिफेचे तसे झाले नाही. चित्र वाचले, खेळ मागे पडला. रामाची उतारी कधी आणि कृष्णाची कधी, हे ठाऊक असलेली घरे आता थोडी. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये मात्र कारागीर आजही बैठ्या मेजांवर वाकून पाने रंगवतात, आणि तयार झालेले संच बहुतेक शोभेसाठीच विकत घेतले जातात.